गुडघ्याला इंग्रजी नाव मिळालं तेव्हा

वयाच्या विशीपर्यंत मी गुडघा ह्या एका शब्दावर चाललो आणि मला काही कमी पडलं नाही. पडलो की गुडघा फुटायचा, आई हळद दाबायची, झालं. आखाड्यात गुडघा टेकला की डाव गेला, एवढं कळायचं. चौथीनंतर मी शाळा सोडली, त्यामुळे इंग्रजी माझ्या वाट्याला आलं ते रस्त्यावरचं. ट्राम, तिकीट, गोडाऊन, ओव्हरटाइम. अंगाच्या कुठल्या भागाला साहेब काय म्हणतो हे मला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून माझं अडलंही नव्हतं. अडलं ते बराकपूरला.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. बराकपूरच्या छावणीत भरती होती. आम्ही पोरं लंगोटावर रांगेत उभी. माझं वजन झालं, उंची झाली, छाती झाली. टेप धरणारा शिपाई दुसऱ्याला म्हणाला, "देख, पहलवान आया." ते ऐकून मी आणखी फुगलो. बागबाजारच्या घाटाजवळ एक आखाडा होता, तिथे मी रोज पहाटे जोर-बैठका मारायचो. माझ्या मांड्या बघून बंगाली पोरं बोटं तोंडात घालायची, हे मी फुशारकीनं सांगत नाही, होतं ते सांगतो.

मग लष्करी डॉक्टर समोर आला. वर बघितलंच नाही त्यानं. खालीच बघत राहिला.

"पाँव जोडो."

"जोडे हैं, साब."

"एडी. एडी जोडो."

टाचा जोडायला गेलो की एक गुडघा दुसऱ्याच्या पुढे जायचा. गुडघे शेजारीशेजारी ठेवले की टाचांमध्ये मूठ मावेल एवढी जागा राहायची. जन्मभर मी असाच उभा राहत आलो होतो. कोणी बघितलं नव्हतं. मीही नाही.

डॉक्टर म्हणाला, "नॉक-नी. नेक्स्ट."

मला वाटलं, पुढच्या टेबलाकडे पाठवतायत. मी पुढे निघालो तर शिपायानं दंड धरला. "ए नॉक-नी, कपडे पहनो. बाहर उधर से." मघाचा पहिलवान कुठे गेला, कोणास ठाऊक.

वडील फाटकाबाहेर झाडाखाली उभे होते. हातात संदेश मिठाईचा पुडा. निकाल लागायच्या आधीच घेऊन ठेवलेला, कारण त्यांना खात्री होती.

"काय झालं?"

"नॉक-नी."

"म्हणजे?"

"माहीत नाही."

"बरं होतं का ते?"

"माहीत नाही म्हणतोय ना!"

सियालदाच्या गाडीत तो पुडा त्यांच्या मांडीवर तसाच राहिला. समोर एक बाई लहान पोराला घेऊन बसली होती. पोर पुड्याकडे बघत होतं. वडिलांनी पुडाच त्याला देऊन टाकला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आता त्या भरतीत माझं काय अडकलं होतं ते सांगतो. वडील फोर्ट विल्यममध्ये एका कचेरीत दफ्तरी होते. बदली होऊन कलकत्त्याला आले आणि बागबाजारात दोन खोल्यांत राहिले. मराठ्यांना अडवायला इंग्रजांनी खंदक खणला तो तिथूनच सुरू झाला होता म्हणतात. खंदक बुजला, पण शेजारपाजारचे आम्हाला अजून बर्गीच म्हणायचे, म्हणजे घोड्यांवरून बंगाल लुटायला आलेले मराठे. मी स्ट्रँड रोडवर एका गोदामात पेट्या ठोकायला जायचो. वडिलांच्याच कचेरीतल्या एका मराठी कारकुनाची पुतणी भवानीपूरला होती. तिचं घराणं तीन पिढ्या कलकत्त्यातलं. आम्ही तिला बघून आलो होतो. घरात शब्द चालायचा तिच्या आजोबांचा. ते रिसाल्यात होते, नंतर शर्यतीच्या घोड्यांना वळण लावत. त्यांची एकच अट होती, नातजावई पलटणीतला हवा. वडील म्हणाले, पोरगा भरतीला जातोच आहे, समजा झालाच. तेवढ्यावर होकार होता.

मुलगी बघताना आमच्या आत्यानं तिला सांगितलं होतं, "बाळ, जरा खिडकीपर्यंत जाऊन ये बघू." तेव्हा ही रीतच होती. पायात काही अधू नाही ना, हे बघायचं. ती उठली, खिडकीपाशी गेली आणि तिथेच थांबली. खाली रस्त्यावर काहीतरी चाललं होतं ते बघत उभी राहिली. आत्या खाकरली. ही आपली बघतेच आहे. बघून झालं तेव्हा परत आली, सावकाश. सगळ्यांना तिनं ताटकळत ठेवलं. मला ती तिथेच पसंत पडली.

आणि आता हा शब्द. मराठी असता तर एक वेळ पचला असता. फेंगडा म्हणा, वाकडा म्हणा, तोंडावर म्हणा, मी उलट बोललो असतो. पण इंग्रजी शब्द म्हणजे लोकांना रोग वाटतो. दुसऱ्या दिवशी दुपारी वडिलांनी कचेरीत तो उच्चारला, संध्याकाळी तो भवानीपूरला पोचला.

माझा पाय घरात ठरेना. आधी गेलो नाक्यावरच्या दवाखान्यात. तिथला बंगाली कंपाउंडर बाटलीवर पट्टी चिकटवत म्हणाला, "नी म्हणजे हाँटू. गुडघा. नॉक म्हणजे ठोकर. तुझा हा हाँटू त्या हाँटूला ठोकर मारतो. औषध नाही. पुढचा कोण आहे?"

"पण रोग आहे का?"

"अरे बाबा, आकार आहे. नाक बसकं असतं तसा. बर्गी, तू घोडा का घेत नाहीस? गुडघ्यात दाबून धरशील, पडणार नाहीस." आणि बाकावरचे सगळे पेशंट हसले.

आईनं ऐकलं आणि तिचं वेगळंच सुरू झालं. "माझ्या पोटात असताना काही नव्हतं हो. रांगायचाससुद्धा सरळ." कोणीतरी तिला सांगितलं की झोपताना गुडघ्यांमध्ये गोधडी बांधायची. ती बांधायची. मी अर्ध्या झोपेत सोडून फेकायचो. मग भाड्यानं सायकल घेतली, गुडघे बाहेर फेकून चालवली, बीडन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एका हातगाडीला धडकलो. गुडघा फुटला. हळद लागली. तेवढं मात्र जुन्यासारखं झालं.

मला लोकांचे गुडघेच दिसायला लागले. पण दिसणार कसे? सगळं कलकत्ता धोतरात. ट्राममध्ये मी समोरच्याच्या धोतराच्या निऱ्यांकडे टक लावून बसायचो, तो माणूस अंग चोरून पलीकडे सरकायचा. मी स्वतः पायजमा सोडून धोतर नेसायला लागलो. दुकानांच्या काचांत चालताना स्वतःला बघायचो. काचेत बघायला मान वळवली की चाल बदलायची, सरळ बघितलं की काच मागे जायची. खरी चाल काही केल्या सापडेना.

आमच्या गल्लीपलीकडे पुण्याहून बदलून आलेले एक सरकारी अधिकारी राहायचे. आम्ही त्यांना साहेबकाका म्हणायचो. इंग्रजी त्यांना पाण्यासारखं यायचं. मी जाऊन विचारलं, "काका, नी म्हणजे गुडघा हे कळलं. पण साहेब तो शब्द आणखी कुठे वापरतो?"

ते खूश झाले. चहा सांगितला. म्हणाले, "भीती वाटली की इंग्रजीत म्हणतात, अमक्याचे गुडघे एकमेकांवर आपटायला लागले. तोच नॉक." माझा चहा तिथेच थंड झाला. म्हणजे भरतीत त्या डॉक्टरानं मला सगळ्यांसमोर भित्रा म्हटलं की काय! काका म्हणाले, "छे छे, तो हाडाचा प्रकार, हा मनाचा, दोन्ही वेगळे." पण माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलं.

"आणि गंमत ऐक," काका म्हणाले, "साहेबाला मुलीला मागणी घालायची तर तो तिच्यासमोर एक गुडघा टेकतो."

"गुडघा टेकतो? म्हणजे हरला?"

"हरत नाही रे, मागतो."

आतून काकू म्हणाल्या, "तुम्ही टेकला होता वाटतं कोणापुढे! शिकवताय पोराला."

"तुझ्या वडिलांपुढे टेकला होता, हुंड्याचं विचारताना," काका म्हणाले, आणि काकूंनी आतून भांडं आपटलं.

मी घरी येताना हेच घोळवत आलो. आपल्याकडे गुडघे टेकले म्हणजे संपलं, शरण गेला. त्यांच्याकडे तीच गोष्ट लग्नाच्या सुरुवातीला. आणि इथे मी, गुडघा टेकवायच्या आधीच गुडघ्यावरून बाद.

गोदामाच्या बाजूला नदीकाठी होड्या दुरुस्त व्हायच्या. तिथला म्हातारा मिस्त्री माझा दोस्त. कोणाकडून तरी त्याच्याही कानावर गेलं. तो म्हणाला, "अरे, नी तो हमारे यहाँ भी होता है." होडीची बाजू आणि वरची तुळई जिथे मिळते तिथे कोपऱ्यात एक वाकडं लाकूड बसवतात, त्याला तो नी म्हणायचा. साहेबांच्या वेळचा शब्द. सरळ लाकूड कापून वाकवलं तर ते फुटतं, म्हणून झाडावरच वाकडी वाढलेली फांदी शोधून आणावी लागते. त्यानं मला एक दाखवलीही, हात ठेवून. "देख. टेढा है, तभी काम का है."

तो माझं सांत्वन करत होता हे मला कळलं. त्याचाच राग आला. "मैं लकडी हूँ क्या?" म्हणालो आणि निघून गेलो. पुढे बरेच दिवस मी त्या बाजूनं गेलो नाही. म्हातारा समोर दिसला तरी मान फिरवायचो. मला कामाचं व्हायचं नव्हतं, मला सरळ व्हायचं होतं. आणि खरं सांगू, मी सरळच होतो. त्या दिवसापासून मी एकच सांगत आलोय. ते मांड्यांमुळे आहे. आखाड्यात मांड्या एवढ्या भरल्या की त्या एकमेकींना ढकलतात, टाचांना जागा करून द्यावी लागते. डॉक्टर मांड्या न बघता गुडघे बघत बसला, त्याला मी काय करू?

भवानीपूरहून निरोप आला तो अशा वेळी. आजोबांनी सांगितलं होतं, "मोडत नाही. पलटण राहू दे. पण मुलाला एकदा चालून दाखवायला सांगा."

वडील लगेच तयार झाले. मी नाही म्हणालो. वडील ओरडले, मी ओरडलो. आई चुलीपाशी बसून होती. ती म्हणाली, "मुलीनं चालून दाखवलं होतं ना?"

"ती मुलगी आहे."

"तिला पाय नाहीत?"

मी उठून धोतर धुवायला घेतलं. पटलं म्हणून नव्हे, मळलं होतं म्हणून.

रविवारी आम्ही तिघं भवानीपूरला गेलो. वरच्या मजल्यावरची तीच खोली, तीच खिडकी. आजोबा खुर्चीत, हातात काठी, मिशा पांढऱ्याशुभ्र. मुलीचे काका दाराशी. ती आतल्या दाराच्या पडद्यामागे, पडद्याखालून पावलं दिसत होती. पोहे आले. कोणी खाईना.

आजोबा म्हणाले, "हं. चला बघू जरा खिडकीपर्यंत. आणि धोतर वर खोचा. कापडाची चाल नाही बघायची मला."

मी बसूनच राहिलो. "मी घोडा नाही," म्हणालो.

"घोडा असतास तर एवढा वेळ लागला नसता."

वडील पुटपुटले, "अरे, ऊठ की." मी जाजमाकडे बघत बसलो. एका मनाला वाटत होतं, उठावं, सरळ जिना उतरावा, ट्राम पकडावी, आणि ह्या शब्दाचं आणि ह्या घराचं तोंड पुन्हा बघू नये. उठलो असतो तर तसंच झालं असतं. मी मला ओळखतो.

पडद्याच्या आतून आवाज आला, मोठ्यानं, कोणाचीही भीड न धरता. "मी चालून दाखवलं की! यांना काय झालं?"

मुलीचे काका म्हणाले, "तू आत हो गं."

"आतच आहे."

मी उठलो. धोतर गुडघ्यांच्या वर खोचलं, लांग आवळली. खिडकीकडे गेलो नाही. चप्पल पायात सरकवली आणि दारातून बाहेर पडून जिना उतरायला लागलो. मागे आई म्हणाली, "अगं बाई, चालला हा!" मी जिन्यातूनच ओरडलो, "ज्याला बघायचंय त्यानं मागून यावं! खोलीत चालणं म्हणजे चालणं नव्हे!"

आणि म्हातारा आला. मला वाटलं नव्हतं. काठी टेकत, एकेक पायरी उतरत आला. मी रस्त्यावर थांबलो नाही, पण वेग कमी केला. तो मागून चालत होता. त्याची नजर माझ्या पोटऱ्यांवर आहे हे मला पाठीनं कळत होतं. ट्रामच्या रुळांपर्यंत गेलो, वळलो, बाजाराच्या बाजूनं निघालो. भर दुपारी धोतर वर खोचलेला एक जवान आणि मागे काठीवाला म्हातारा, दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले.

थोड्या वेळानं आजोबा माझ्या शेजारी आले. धापा टाकत होते, पण थांबा म्हणाले नाहीत. म्हणाले, "गोरे साहेब घोड्याच्या पुढच्या पायाच्या सांध्यालाही नी म्हणायचे. हाडं बघितलीस तर ते मनगट असतं. आयुष्यभर त्यांच्या घोड्यांच्या मनगटांना मी नी नी म्हणत आलो."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"पगार कोण देत होतं?"

मी प्रथमच त्यांच्या पायांकडे बघितलं. जन्म खोगिरावर गेलेला. दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला असे कमानीसारखे वाकलेले की मधून बकरी गेली असती. बसलेले असताना ते कधी दिसलं नव्हतं.

पानवाल्यानं आम्हा दोघांना बघितलं आणि ओरडला, "दादू, आपनार दुटो बाइरे, ओर दुटो भितोरे!" तुमचे दोन बाहेर, ह्याचे दोन आत. सगळा नाका हसला. मला वाटलं, आता म्हातारा काठी उगारणार. आजोबा थांबले. माझे गुडघे बघितले, मग स्वतःचे बघितले. मिशा हलल्या. पानवाल्याला म्हणाले, "दोन पानं लाव. आणि तोंड बंद."

पान खाऊनच आम्ही परत आलो. जिना चढताना त्यांनी माझा खांदा धरला. आधारासाठी, दुसऱ्या कशासाठी नाही, हे त्यांच्या वजनावरून कळत होतं. वर आल्यावर ते खुर्चीत बसले, दम घेतला. वडील उभेच होते. आजोबा त्यांना म्हणाले, "वाकडा आहे. लंगडा नाही. वाकडे घोडे मी शर्यतीत पळवलेत, लंगडा एकही नाही. तारीख काढा."

परत घोडा. मी बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ती पडदा सारून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आजोबांना पाणी दिलं, मला दिलं. माझं धोतर अजून वर खोचलेलंच होतं, त्या गडबडीत सोडायचं राहिलं होतं. तिनं खाली बघितलं. नजर चुकवून नाही, चांगलं सरळ बघितलं, खिडकीतून बघितलं होतं तसं, सावकाश.

"एवढंच होय?" ती म्हणाली.

किती दिवस मी ज्याच्यापायी ट्राममध्ये नीट बसलो नव्हतो, गोधड्या फेकल्या होत्या, मिस्त्रीशी दोस्ती तोडली होती, त्याला ती एवढंच म्हणाली. मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला.

"मांड्यांमुळे आहे ते," मी म्हणालो.

आईनं पदर तोंडाला लावला. मुलीचे काका खिडकीबाहेर बघायला लागले. आजोबांना पानाचा ठसका लागला. ती मात्र तांब्या धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बरं."

त्या "बरं"चा अर्थ मला अजून लागलेला नाही. तिला विचारलं की ती पुन्हा तेच म्हणते.